समुद्र आधी विहिरीत येतो

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोकणात समुद्रकाठच्या एखाद्या वाडीत मुक्काम केलात, तर सकाळचा चहा पुढे करताना घरची बाई जरा संकोचून म्हणते, ‘‘पाणी थोडं मचूळ लागेल हां, पाऊस पडेपर्यंत असंच.’’ आंघोळीला बसलात की साबणाला फेस येत नाही. आमटीची डाळ शिजता शिजत नाही. घरातल्या आजीशी गप्पा मारायला बसलात तर ती सांगते, की ती लग्न होऊन आली तेव्हा हीच विहीर बाराही महिने गोडी होती आणि समुद्रही तेव्हा सुरूच्या बनापलीकडे होता. आज त्या बनातली निम्मी झाडे मुळे उघडी पडून आडवी झालेली असतात.

आजी या दोन्ही गोष्टी एका दमात सांगते. आपण मात्र त्या वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. किनाऱ्याची धूप हा बंधारे बांधणाऱ्यांचा विषय, पाण्याची चव हा नळयोजनेचा आणि रक्तदाब हा डॉक्टरांचा. प्रत्यक्षात या तिन्हींना जोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. ती गेली की समुद्राला अडवणारा आडोसा जातो आणि पिण्याच्या पाण्याची टाकीही जाते. तिच्या जाण्यात हवामान बदलाचा वाटा आहे. पण आपल्या हातांचा वाटा त्याहून जवळचा, आणि म्हणून सुधारता येण्यासारखा आहे.

वाळूतली टाकी

पुळण आणि तिच्यामागची वाळूची उंच पट्टी ही आपल्याला पडीक, मोकळी जागा वाटते. पण वाळूच्या कणांमध्ये असंख्य पोकळ्या असतात आणि पावसाचे पाणी त्यांत मुरून साठते. खालच्या थरात समुद्राचे पाणी आधीच शिरलेले असते. गोडे पाणी हलके आणि खारे पाणी जड, त्यामुळे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. लाटांच्या आवाजाच्या टप्प्यात खणलेल्या उथळ विहिरीलाही गोडे पाणी लागते ते यामुळेच. किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पिढ्यान्पिढ्या याच पाण्यावर पोसल्या गेल्या.

या तरंगणाऱ्या पाण्याचा हिशोब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच लष्करी अभियंता बडोन घायबेन याने आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हर्झबर्ग याने स्वतंत्रपणे मांडला. गोड्या पाण्याची घनता १ धरली, तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५ असते. फरक अवघा अडीच टक्क्यांचा. त्यावरून निघणारा नियम असा: जमिनीखालच्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते.

हाच नियम उलट्या बाजूने वाचला की धोका कळतो. पंप लावून ती पातळी अर्धा मीटर उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू वीस मीटर वर चढू पाहते. कोकणात वाळूखाली जांभा आणि काळा कातळ आहे. तिथे पाणी भेगांमधून फिरते, त्यामुळे हा आकडा जशाचा तसा लागू पडत नाही. पण दिशा तीच राहते. वर थोडे उपसले की खालून बरेच वर येते.

पूर्वी रहाटाने पाणी काढत. विहीर आटू लागली की उपसा आपोआप थांबे आणि रात्रभरात ती पुन्हा भरे. पंपाला असा थांबा नसतो. त्यातून विंधणविहीर खोल नेली, तर आपण गोड्या पाण्याचा पातळ थर ओलांडून थेट खाऱ्याकडे जातो. ‘अजून शंभर फूट खाली जाऊ, पाणी लागेल’ हा देशावरचा हिशोब किनाऱ्यावर अंगाशी येतो.

समुद्राची उसनवारी

आता त्या वाळूकडे वळू. किनारा हा स्थिर नसतो. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या खोल पाण्यात तिचा उंचवटा तयार करतात. दसऱ्यानंतर समुद्र निवळला, की संथ लाटा तीच वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणजे जून-जुलैमध्ये पुळण खचलेली दिसली म्हणून लगेच धूप झाली असे म्हणता येत नाही. समुद्राने उसनी नेलेली वाळू फेब्रुवारी-मार्चपर्यंत परत आली नाही आणि असे वर्षानुवर्षे होत राहिले, तर मात्र ती खरी धूप.

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाच्या सुमारे ६,९०७ किलोमीटर मुख्य किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यातील ३३.६ टक्के किनारा झिजत असल्याचे आढळले. २६.९ टक्के किनाऱ्यावर भर पडत होती आणि उरलेला साधारण स्थिर होता. महाराष्ट्राचा जवळपास एक चतुर्थांश किनारा धुपेच्या यादीत आला. एके ठिकाणी झीज आणि दुसरीकडे भर हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, कारण अनेकदा एकाची गेलेली वाळू दुसऱ्याच्या दारात अडलेली असते.

याचे सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण चेन्नईत आहे. तिथे वाळू किनाऱ्याला समांतर, वर्षाच्या बहुतेक काळात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. १८७० च्या दशकात बंदराच्या भिंती समुद्रात घालायला सुरुवात झाली आणि हा प्रवाह अडला. अडलेली वाळू दक्षिणेला साचून आजची भलीमोठी मरीना पुळण तयार झाली, तर उत्तरेकडचा रोयापुरमचा किनारा झिजत गेला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुदुच्चेरीला बंदर बांधल्यावर हेच पुन्हा घडले आणि शहरासमोरची पुळण नाहीशी होऊन तिथे दगडांची रास आली.

कोकणाचा किनारा वेगळा आहे. डोंगराचे सुळके समुद्रात घुसलेले आणि दोन सुळक्यांच्या मध्ये चंद्रकोरीसारखी पुळण. अशा पुळणीचा वाळूचा साठा मर्यादित असतो. शेजारून फारशी आवक नाही, जे काही येते ते मुख्यतः नद्या-खाड्यांतून आणि शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यातून. बँकेत ठेव थोडी आणि पगारही थोडा, अशा घरासारखी ही स्थिती. त्या घरातून रोज थोडे थोडे काढत राहिले, तर दिवाळे निघायला फार वेळ लागत नाही.

भिंत कोणाला वाचवते?

धूप दिसू लागली, की गावातून पहिली मागणी येते ती बंधाऱ्याची. ती समजण्यासारखी आहे. लाट उंबऱ्याशी आलेल्या माणसाला धीर धरा असे सांगता येत नाही, आणि जिथे घरे व रस्ता अगदी काठावर आहेत तिथे दगडी बंधाऱ्याला अनेकदा पर्यायही नसतो. पण बंधारा काय करतो आणि काय करत नाही, हे आधी माहीत असायला हवे.

उतरती पुळण लाटेला दमवते. चढ चढता चढता लाटेचा जोर संपतो आणि पाणी वाळूत जिरते. उभी भिंत लाटेला दमवत नाही, परत फेकते. परतणारे पाणी भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते, पायथा पोकळ होतो आणि दगड ढासळतात. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्यावरचा बंधारा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा ढासळला, पुन्हा पुन्हा बांधावा लागला. शिवाय भिंत जिथे संपते तिथे लाटांचा मारा वाढतो आणि शेजारच्या वाडीची जमीन खचू लागते. थोडक्यात, बंधारा मागची जमीन राखतो, पुढची पुळण राखत नाही.

पाण्याच्या बाजूने यात आणखी एक गोम आहे. पुळण अरुंद झाली की तिच्याखालचे गोड्या पाण्याचे भिंगही अरुंद आणि पातळ होते, कारण पाऊस मुरायला जागाच कमी राहते. उधाणाच्या भरतीला लाट बंधाऱ्यावरून उडून मागे पडते. हे खारे पाणी मागच्या सखल भागात साचून राहते आणि वरून विहिरीत झिरपते. खालून खारे चढते आणि वरून खारे मुरते, अशा कात्रीत विहीर सापडते.

पुदुच्चेरीने यावर वेगळा मार्ग चोखाळला. किनाऱ्यापासून आत, पाण्याखाली, लाटांचा जोर आधीच मोडणारा पाचरीच्या आकाराचा कृत्रिम खडक २०१८ मध्ये बसवण्यात आला आणि शहरासमोर पुळण पुन्हा धरू लागली. हा उपाय प्रत्येक गावाला परवडेल किंवा लागू पडेल असे नाही. पण समुद्राला भिंतीने रोखण्यापेक्षा वाळूला थांबायला जागा देणे शक्य असते, एवढे त्यातून दिसले.

खाडी खोल झाली की

काठावरच्या वाळूइतकीच महत्त्वाची खाडीतली वाळू. पूर्वी ती हातपाटीने काढत. माणूस बुडी मारून पाटी भरून वर येई. त्या कष्टाला मर्यादा होती, म्हणून उपशालाही मर्यादा होती. ड्रेझर आणि सक्शन पंपांनी ती मर्यादा संपवली.

खाडीचा तळ खोल झाला की तीन गोष्टी होतात. किनाऱ्याकडे जाणारी वाळू मध्येच संपते, म्हणजे पुळणीचा पगार बंद होतो. दुसरे, काठ खचतात. माडाची झाडे मुळासकट खाडीत जातात. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. खोल झालेल्या पात्रातून भरतीचे खारे पाणी पूर्वीपेक्षा जास्त आतवर चढते. जड असल्याने ते तळाशी पाचरीसारखे पुढे सरकते आणि समुद्रापासून दूर असलेल्या काठच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. ‘आमच्याकडे समुद्र कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या गावाला उन्हाळ्यात खारे पाणी भेटते ते असे.

केरळात हा अनुभव इतका तीव्र होता, की नदीकाठ राखण्यासाठी आणि वाळूउपशावर नियंत्रणासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. कायदा आहे, पण रात्री चालणाऱ्या पंपाचा आवाज गावाला ऐकू येतो आणि कागदावर येत नाही, हीच अडचण आहे.

खाडीकाठची खारफुटी तोडली की हे सारे आणखी वेगाने होते. खारफुटीची मुळे गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात आणि खारबंदिस्तीच्या बांधाला आधार देतात. बांधाला एकदा खांड पडली, की भाताची खाचरे खारट होतात आणि ती पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. आज महाराष्ट्रात सुमारे ३२० चौरस किलोमीटर खारफुटी आहे. तिचा एकेक पट्टा ही आतल्या विहिरींसाठीची तटबंदी आहे.

मीठ आणि मैला

किनाऱ्यावरच्या पाण्याला दुसरा धोका आपल्याच अंगणातून येतो. पर्यटन वाढले, घरे वाढली, न्याहारी-निवासाच्या खोल्या वाढल्या आणि प्रत्येक खोलीमागे एक शौचालय आले. बहुतेकांचे सांडपाणी शोषखड्ड्यात जाते. वाळू ही चांगली गाळणी आहे, पण एका अटीवर: खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांच्यात कोरड्या वाळूचा पुरेसा जाड थर हवा. त्या थरातून सावकाश झिरपताना बरेचसे जंतू अडतात आणि मरतात. किनाऱ्यावर भूजल जमिनीखाली एक-दोन मीटरवरच असते, पावसाळ्यात त्याहूनही वर येते. मग शोषखड्डा थेट पाण्यातच बसतो आणि गाळणी उरत नाही.

त्यात शनिवार-रविवारी पाहुण्यांची गर्दी झाली, की पंप दिवसभर चालतो. विहिरीची पातळी उतरली की चहूबाजूंचे पाणी तिच्याकडे वाहू लागते. शेजारच्या शोषखड्ड्याखालचे पाणीही त्यात येते. म्हणजे ज्या दिवशी पाणी पिणारी तोंडे सर्वाधिक, त्याच दिवशी ते दूषित होण्याचा संभवही सर्वाधिक. जुलाब आणि कावीळ यांचा संबंध आपण पाहुण्यांनी खाल्लेल्या मासळीशी लावतो, विहिरीकडे बघत नाही. मैल्यातून येणारे नायट्रेट वाळूत अडत नाही आणि उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. तान्ह्या बाळांसाठी ते विशेष घातक ठरू शकते.

तांब्यात किती मीठ?

मचूळ पाण्याला आपण चवीची गैरसोय समजतो. हिशोब करून पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटर गोड्या पाण्यात साधारण सव्वा लिटर समुद्राचे पाणी मिसळले, तरी क्लोराइडचे प्रमाण मानकातील लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर जाते. दुसरा स्रोतच नसेल तर मानक १,००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत देते. हे क्लोराइड मिठातूनच आले असे धरले, तर अशा पाण्यात लिटरमागे सुमारे १.६५ ग्रॅम मीठ असते. कोकणातल्या उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी सहज पोटात जाते. म्हणजे पाण्यातूनच जवळपास पाच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी पूर्ण दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. सुके बोंबील, लोणचे, पापड आणि आमटी यांचा हिशोब अजून व्हायचाच आहे.

याचे परिणाम बांगलादेशाच्या किनारी भागात अभ्यासले गेले. खुलना जिल्ह्यातील दाकोपमध्ये कोरड्या ऋतूत पिण्याचे पाणी खारट होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या गरोदर स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत जास्त होते. सगळे अभ्यास एकच बोट दाखवत नाहीत. सौम्य खाऱ्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे रक्तदाब काहीसा आटोक्यात राहत असावा, असे नंतरच्या एका संशोधनात दिसले. पण ज्यांना आधीच रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मचूळ पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. डॉक्टर ‘मीठ कमी करा’ सांगतात तेव्हा ते ताटातल्या मिठाबद्दल बोलत असतात. तांब्यातल्या मिठाबद्दल त्यांना आपणच सांगायला हवे.

आणखी एक गैरसमज. पाणी उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट वाफ गेल्याने ते थोडे दाटच होते. तुरटी, क्लोरीन, साधी गाळणी किंवा अतिनील किरणांचे यंत्र यांनीही मीठ कमी होत नाही. आरओ यंत्राने होते, पण त्यातून निघणारे जास्त खारे पाणी विहिरीजवळ ओतले तर ते पुन्हा तिथेच मुरते.

गावाच्या हातात काय?

पहिले काम मोजण्याचे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीतील दोन-तीन विहिरींच्या पाण्याची तपासणी दर ऑक्टोबरला आणि दर मे महिन्यात व्हावी. पूर्ण तपासणी प्रयोगशाळेत करावी. पण पाण्यातील एकूण क्षार दाखवणारे खिशात मावणारे यंत्र स्वस्त मिळते आणि शाळेतली मुलेही ते वापरू शकतात. ते जंतू दाखवत नाही, पण क्षारांचा कल दाखवते. मे महिन्याचा आकडा दरवर्षी चढत असेल, तर ती धुपेचीही आगाऊ सूचना आहे. भिंत पडल्याचे सगळ्यांना दिसते, पण विहीर त्याच्या कितीतरी आधी सांगत असते.

दुसरे, उपसा सावकाश करावा. एका खोल विंधणविहिरीपेक्षा दोन-तीन उथळ विहिरी, आणि एका वेळी थोडे पाणी. तिसरे, पाऊस मुरवावा. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बराचसा काही तासांत समुद्राला मिळतो. छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडणे, सड्यावर पाणी अडवणे यांमुळे टाकी भरलेली राहते आणि खाऱ्या पाण्यावरचा दाब टिकतो. चौथे, शौचालयाचा खड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. खोल्या जास्त असतील तिथे शोषखड्ड्यावर न थांबता सांडपाण्यावर प्रक्रिया हवी.

पाचवे आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे वाळूच्या उंचवट्याला हात न लावणे. वाहनतळासाठी, बागेसाठी, खोलीतून समुद्र दिसावा म्हणून तो सपाट केला जातो. त्यावर मुळात सुरू नव्हे, तर मर्यादवेल वाढते. शेळीच्या खुरासारखी पाने, जांभळी फुले आणि वाळूवर लांबवर धावणारे तिचे वेल. वाऱ्याने उडणारी वाळू या वेलांत अडकते, वेल तिच्यावर पुन्हा चढते आणि उंचवटा दरवर्षी थोडा वाढतो. समुद्राची हद्द इथपर्यंत, हे आपल्या पूर्वजांनी या वेलीच्या नावातच नोंदवून ठेवले आहे.

नवा धक्का, रस्ता किंवा बंधारा मंजूर होताना ग्रामसभेत दोन प्रश्न विचारले जावेत. इथली वाळू कुठून येते आणि हे बांधल्यावर ती कुठे जाईल? आणि इथल्या विहिरींचे आजचे आकडे काय आहेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिलेले असेल, तर पाच वर्षांनी कोणाला आजीच्या आठवणीवर विसंबून राहावे लागणार नाही. या ऑक्टोबरमध्ये ती वही सुरू करता येईल.